वाहनचालकाच्या हाती असलेली अमानत

मुस्लिम घरांतील अनेक वाहनांवर प्रवासाची दुआ चिकटवलेली आढळते. चारचाकीत ती समोरच्या काचेजवळ असते, तर दुचाकीवर टाकीच्या वरच्या बाजूला. ही दुआ सूरह अज्-जुखरुफच्या १३ व्या व १४ व्या आयतींतून घेतलेली आहे. तिच्यात बंदा दोन गोष्टी मान्य करतो. पहिली ही की, हे वाहन अल्लाहने आपल्या अधीन केले आहे, ते वश करण्याचे सामर्थ्य मूळचे आपल्यात नव्हते. दुसरी ही की, अखेर आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडे परत जायचे आहे. बाजारात किंवा नोकरीवर निघालेल्या माणसाला वाहनावर बसतानाच मृत्यूची आणि हिशेबाच्या दिवसाची आठवण करून द्यावी, यात मोठा बोध आहे. वाहन ही देणगी आहे, देणगीबरोबर जबाबदारी येते आणि त्या जबाबदारीचा जाब विचारला जाणार आहे.

आज स्थिती अशी आहे की, दुआ म्हणून होते, वाहन सुरू होते आणि काही अंतर गेल्यावर खिशातला मोबाइल वाजतो. मग एक हात हँडलवरून सुटतो. कोणी मान वाकडी करून फोन खांद्यात धरतो, कोणी तो हेल्मेटच्या आत कानाशी खोचतो, तर स्कूटरवरून जाणाऱ्या काही भगिनी तो स्कार्फच्या घडीत अडकवून बोलत जातात. चारचाकीचे चालक वळणावरही मांडीवरच्या फोनवरील संदेश वाचताना दिसतात. हे करणाऱ्यांत पाच वेळचे नमाजी आहेत, हलाल-हरामची बारकाईने चौकशी करणारे आहेत. मात्र आपण करतो ते गुनाहचे काम असू शकते, असा विचारही बहुतेकांच्या मनात येत नाही. पोलिसांनी अडवले तर दंड भरावा लागेल, एवढाच तो प्रश्न आहे असे समजले जाते. वस्तुतः हा प्रश्न मानवी प्राणांचा आहे आणि मानवी प्राणांविषयी शरिअतची भूमिका अत्यंत कडक आहे. तिचा थोडा विस्ताराने विचार करणे आवश्यक आहे.

प्रश्नाची व्याप्ती

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी पंधरा हजारांहून अधिक मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ११ लाख ९० हजार लोक रस्त्यांवर प्राण गमावतात आणि ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्ते अपघात हेच आहे. म्हणजे शाळेत जाणारी मुले, महाविद्यालयीन तरुण आणि नुकताच संसार मांडलेले आईबाप यांचा हा वयोगट आहे.

हे सारे मृत्यू मोबाइलमुळे होतात असे नाही. सरकारी नोंदींत अतिवेग हे सर्वांत मोठे कारण असते. मोबाइलचा वाटा नेमका किती, हे ठरवणेही अवघड आहे, कारण अपघातानंतर आपण फोनवर बोलत होतो हे कोणी सहसा सांगत नाही. परंतु इतर कारणांत आणि यात एक मोठा फरक आहे. रस्त्यावरचे खड्डे बुजवणे किंवा घाटातील वळण सरळ करणे आपल्या हातात नसते. फोन बाजूला ठेवणे मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे, आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही.

कान, डोळे, हात आणि अंतःकरण

सूरह बनी इस्राईलच्या ३६ व्या आयतीत माणसाला बजावले आहे की, कान, डोळे आणि अंतःकरण या प्रत्येकाविषयी विचारणा होणार आहे. सूरह यासीनच्या ६५ व्या आयतीत कियामतच्या दिवसाचे जे वर्णन आहे, त्यात तोंडावर मोहोर लागेल, हात बोलतील आणि पाय साक्ष देतील असे सांगितले आहे. रस्ते सुरक्षेचे अभ्यासक चालकाचे लक्ष विचलित होण्याचे जे चार प्रकार सांगतात, ते वाचताना या दोन आयतींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नजर रस्त्यावरून हटणे हा पहिला प्रकार, कानांनी रस्त्याऐवजी दुसरेच काही ऐकणे हा दुसरा, हात वाहनाच्या नियंत्रणावरून सुटणे हा तिसरा, आणि मन दुसरीकडे जाणे हा चौथा. अल्लाहने दिलेल्या या चारही देणग्यांची वाहन चालविताना नितांत गरज असते आणि मोबाइल त्या चारही एकाच वेळी हिरावून घेतो.

नजरेचा हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात साडेसोळा मीटरहून अधिक अंतर कापते. संदेश कोणाचा आला हे पाहण्यासाठी नजर तीनच सेकंद खाली गेली, तरी ५० मीटरचा रस्ता चालकाने जणू डोळे मिटून पार केला असे होते. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरच्या वेगात तेच अंतर ८३ मीटर होते, म्हणजे एकापुढे एक मांडलेल्या क्रिकेटच्या चार खेळपट्ट्यांहून अधिक. त्यात आणखी एक गोष्ट धरली पाहिजे. पूर्ण सावध असलेल्या चालकालाही अडथळा दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक ते दीड सेकंद लागतो. नजर वर आल्यावर मूल समोर दिसले, तर हा दीड सेकंद त्या तीन सेकंदांनंतर सुरू होतो. तोवर अनेकदा उशीर झालेला असतो.

‘माझे हात तर मोकळे आहेत’

कानात इअरफोन घालून किंवा गाडीतील स्पीकरवरून बोलणाऱ्यांचा असा समज असतो की, हात आणि डोळे मोकळे असल्याने धोका उरत नाही. हा समज चुकीचा आहे. कॅनडातील टोरंटो शहरात अपघात झालेल्या ६९९ मोबाइलधारक चालकांच्या फोनच्या नोंदी तपासून केलेला एक अभ्यास १९९७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असे त्यात आढळले. हात मोकळे ठेवणारी उपकरणे वापरणाऱ्यांनाही त्यात कोणतीच विशेष सुरक्षितता आढळली नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते की, हातात न धरता बोलणे हे हातात धरून बोलण्यापेक्षा फारसे सुरक्षित नाही.

याचे कारण मनाच्या स्वभावात आहे. नमाजमध्ये उभे असताना मन दुकानात किंवा घरच्या चिंतेत गुंतले, तर कितवी रकअत चालू आहे याचाच विसर पडतो. डोळे सजद्याच्या जागेवर असतात, ओठ हलत असतात, तरीही माणूस तेथे नसतो. हा अनुभव कोणाला नाही? फोनवरच्या बोलण्यात गुंतलेल्या चालकाचे असेच होते. त्याचे डोळे रस्त्याकडे असतात, पण समोरचे दृश्य मनापर्यंत पोहोचत नाही. नमाजमधील अशा चुकीसाठी शरिअतने सजदा-ए-सहवची सोय ठेवली आहे. रस्त्यावर अशी सोय नाही.

काही जण विचारतात की, शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणे चालते, तर फोनवर बोलणे का चालू नये? शेजारी बसलेल्या माणसाला रस्ता दिसत असतो. समोरून ट्रक आला, गर्दी लागली किंवा वळण आले की तो आपसूक गप्प होतो, प्रसंगी चालकाला सावधही करतो. फोनच्या दुसऱ्या टोकाला असलेल्याला यातले काहीच दिसत नाही. तो नेमका त्याच क्षणी उत्तराचा आग्रह धरतो.

येथे तिलावत आणि बयान ऐकण्याविषयीही थोडे सांगणे योग्य ठरेल. निघण्यापूर्वी तिलावत लावून ठेवणे आणि ती शांतपणे ऐकत जाणे हे फोनवरच्या संभाषणासारखे नाही. परंतु चालत्या वाहनात पडद्यावर बोट फिरवून बयान शोधणे, ते पुढे-मागे करणे किंवा त्याची चित्रफीत पाहणे यात तोच धोका आहे, जो इतर कोणतीही चित्रफीत पाहण्यात आहे. ऐकली जाणारी गोष्ट पवित्र आहे म्हणून ते कृत्य सुरक्षित होत नाही. शिवाय कुरआनचे पठण चालू असताना ते लक्षपूर्वक ऐकावे आणि शांत राहावे, अशी आज्ञा सूरह अल्-अअराफच्या २०४ व्या आयतीत आहे. ज्याला गर्दीत वाहन हाकायचे आहे, त्याच्याकडून ती पाळली जाणे कठीण असते.

रस्त्याचा हक्क

प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात मोटारी नव्हत्या, पण रस्ते होते, वाहने होती आणि त्यांच्यापासून इतरांना पोहोचणारा त्रासही होता. म्हणूनच या विषयावर प्रेषितांची स्पष्ट शिकवण उपलब्ध आहे.

ह. अबू सईद खुदरी (रजि.) यांच्या निवेदनानुसार प्रेषितांनी (स.) आपल्या सोबत्यांना रस्त्यात बैठक मांडण्यास मनाई केली. त्यांनी आपली अडचण सांगितली, तेव्हा बसायचेच असेल तर रस्त्याला त्याचा हक्क द्या, असा आदेश झाला. त्या हक्कांत नजर खाली ठेवणे, सलामचे उत्तर देणे, भल्याची आज्ञा व वाईटाची मनाई करणे यांबरोबर कोणाला इजा न पोहोचविणे हेही सांगितले आहे. ही हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. रस्त्याच्या कडेला नुसते बसणाऱ्यावर जर इतके हक्क येतात, तर टनभर वजनाचे यंत्र घेऊन त्या रस्त्यावरून धावणाऱ्यावर किती येत असतील, याचा विचार करावा.

याच दोन संग्रहांतील ह. अबू मूसा अश्अरी (रजि.) यांची हदीस तर या विषयाला फार जवळची आहे. बाण घेऊन मशिदीतून किंवा बाजारातून जाणाऱ्याने त्यांची टोके हाताने धरून ठेवावीत, म्हणजे कोणा मुस्लिमाला त्यांपासून इजा होणार नाही, असे प्रेषितांनी (स.) शिकविले. येथे बाण मारण्याचा हेतू नाही, धनुष्यही ताणलेले नाही. केवळ निष्काळजीपणे जाताना कोणाला टोक लागू नये, एवढ्यासाठी हात त्या टोकावर ठेवण्याचा आदेश आहे. आजच्या बाजारातून जाणारी मोटारसायकल त्या बाणापेक्षा कितीतरी घातक आहे, आणि तिच्यावर ठेवायचा हात मात्र मोबाइलवर गुंतलेला असतो.

अन्जशा नावाचे एक उंटचालक होते. ते गाणे म्हणत उंट हाकीत आणि त्या लयीत उंट वेगाने चालू लागत. एका प्रवासात उंटांवर स्त्रिया बसलेल्या होत्या. प्रेषितांनी (स.) अन्जशा यांना सावकाश हाकण्यास सांगितले आणि त्या स्त्रियांना काचेच्या नाजूक पात्रांची उपमा दिली. ही हदीसही बुखारी आणि मुस्लिममध्ये आहे. मागे पत्नी व मुले बसलेली असताना एका हाताने दुचाकी चालविणाऱ्याने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. त्याच्या मागे बसलेल्यांनी आपले प्राण त्याच्या हवाली केलेले असतात. अमानत याहून वेगळी काय असते?

हज्जच्या प्रवासात अरफातहून निघताना प्रेषितांना (स.) मागून उंटांना जोराने हाकण्याचा, मारण्याचा गलका ऐकू आला. त्यांनी चाबकाने खूण करून लोकांना शांत राहण्यास सांगितले आणि घाई करण्यात पुण्य नाही हे स्पष्ट केले. ह. इब्ने अब्बास (रजि.) यांची ही हदीस बुखारीत आहे. अरफातसारख्या ठिकाणाहून निघालेल्या हाजींनाही घाई करण्याची मुभा मिळाली नाही. मग इफ्तारपूर्वी घरी पोहोचण्यासाठी किंवा जुमाची जमाअत गाठण्यासाठी एका हातात फोन धरून गर्दीतून वाहन काढणाऱ्याला कोणता आधार सापडेल? नमाजलाही धावत न येता शांतपणे यावे, हीच प्रेषितांची शिकवण आहे.

तकदीरचा चुकीचा आधार

या बाबतीत कोणी समजावू लागले की, ‘ज्याची वेळ भरली असेल तो जाणारच’ असे उत्तर हमखास ऐकू येते. मृत्यूची वेळ अल्लाहने ठरवली आहे, यावर प्रत्येक मुस्लिमाचा विश्वास आहे. पण या विश्वासाचा उपयोग निष्काळजीपणा झाकण्यासाठी करणे ही तकदीरची शिकवण नाही.

तिर्मिजीतील प्रसिद्ध हदीसनुसार, उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू की बांधून ठेवू, असे एकाने विचारले असता प्रेषितांनी (स.) आधी उंट बांधावा आणि मग भरवसा ठेवावा असे सांगितले. ह. उमर (रजि.) सीरियाकडे जात असताना सर्ग या ठिकाणी त्यांना पुढे प्लेगची साथ पसरल्याची वार्ता मिळाली. त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. ह. अबू उबैदा (रजि.) यांनी, आपण अल्लाहच्या तकदीरपासून पळ काढता काय, असा प्रश्न केला. त्यावर उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत. संकट टाळण्याचे साधन अल्लाहनेच दिलेले असते आणि ते वापरणे हाही त्याच्याच व्यवस्थेचा भाग आहे. सूरह अल्-बकराच्या १९५ व्या आयतीत आपल्याच हातांनी स्वतःला विनाशात लोटण्यास मनाई केली आहे. मोबाइल हाती धरून वाहन हाकणाऱ्याच्या बाबतीत ‘आपल्याच हातांनी’ हे शब्द अक्षरशः लागू पडतात.

अजाणता घडलेली हत्या

सूरह अल्-माइदाच्या ३२ व्या आयतीत एका निरपराध जिवाच्या हत्येला सर्व मानवजातीच्या हत्येइतके गंभीर मानले आहे, आणि एक जीव वाचविणे हे सर्वांना वाचविण्यासारखे ठरविले आहे. कोणी म्हणेल, अपघातात हत्येचा हेतू नसतो. हे खरे आहे. म्हणूनच शरिअतने हेतुपूर्वक हत्या आणि ‘कतले खता’, म्हणजे चुकून घडलेली हत्या, यांत फरक केला आहे. पण चुकून घडली म्हणून ती जबाबदारीतून मुक्त केलेली नाही.

सूरह अन्-निसाच्या ९२ व्या आयतीत कतले खताचे नियम आले आहेत. मृताच्या वारसांना दियत, म्हणजे रक्ताची भरपाई द्यावयाची असते. वारसांनी ती माफ केली तर गोष्ट वेगळी. त्याखेरीज मारणाऱ्यावर कफ्फारा आहे. गुलाम मुक्त करणे हे त्याचे मूळ रूप, आणि ते शक्य नसल्यास सलग दोन महिने रोजे. आज गुलामगिरी उरलेली नाही, त्यामुळे प्रत्यक्षात रोजांचाच प्रश्न येतो. कोणत्या प्रसंगी काय लागू होते याचा निर्णय मुफ्ती आणि जाणकार आलिमच देतील. सर्वसामान्य वाचकाने एवढे लक्षात घ्यावे की, ज्या कृत्यामागे हेतू नव्हता त्यासाठीही अल्लाहने दोन महिन्यांचे अखंड रोजे सांगितले आहेत. मानवी प्राणाची किंमत यावरून कळते. शिवाय धोका माहीत असूनही जो रोज तेच करतो, त्याला ‘चुकून झाले’ हे म्हणणे अल्लाहसमोर कितपत शोभेल, हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारावा.

या विषयावर आजच्या फुकहांनीही विचार केला आहे. जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने जून १९९३ मध्ये ब्रुनेईची राजधानी बंदर सेरी बेगावान येथील आठव्या अधिवेशनात वाहतूक अपघातांविषयी ठराव केला. शरिअतशी विसंगत नसलेले वाहतुकीचे नियम पाळणे शरिअतच्या दृष्टीनेही आवश्यक आहे, असे त्यात म्हटले आहे. वाहनामुळे दुसऱ्याच्या शरीराला किंवा मालमत्तेला पोहोचलेल्या हानीला चालक जबाबदार असतो, असेही त्यात स्पष्ट केले आहे. टाळता न येणारी आपत्ती किंवा इतर कोणाची चूक कारणीभूत असेल, तरच त्याची सुटका होते. फोनची घंटा ही टाळता न येणारी आपत्ती आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही.

याहून भीतीदायक बाजू हक्कुल इबादची, म्हणजे माणसांच्या हक्कांची आहे. अल्लाह आपले हक्क माफ करू शकतो. माणसाचा हक्क मात्र त्या माणसाने माफ करावा लागतो किंवा त्याची भरपाई करावी लागते. मुस्लिममधील एका हदीसमध्ये कियामतच्या दिवशीच्या अशा कंगाल माणसाचे वर्णन आहे, जो नमाज, रोजे व जकात घेऊन येईल, पण लोकांवर केलेल्या अन्यायापोटी त्याची सारी पुण्ये वाटली जातील. जो रस्त्यावर मरण पावला, त्याच्याकडे माफी मागायला या जगात कोठे जाणार? तो कोणत्या धर्माचा होता, ओळखीचा होता की अनोळखी, याने या हिशेबात काही फरक पडत नाही.

देशाचा कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली आणि हातातील संपर्क साधन वापरत वाहन चालविणे हे धोकादायक वाहनचालनात स्पष्टपणे समाविष्ट झाले. पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार ते पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात आहे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या नियमानुसार असे साधन केवळ रस्ता शोधण्यासाठी वापरता येते, तेही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. निष्काळजीपणामुळे कोणाचा मृत्यू झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वाहन चालविण्याचा परवाना घेणारा प्रत्येक जण हे नियम पाळण्याचे मान्य करूनच तो घेतो. सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत श्रद्धावंतांना आपले करार पूर्ण करण्याची आज्ञा आहे. चौकात पोलीस दिसला की फोन खिशात आणि पोलीस मागे पडला की फोन पुन्हा कानाशी, हे वागणे वचन पाळणाऱ्याचे नाही.

फोन करणाऱ्याचीही जबाबदारी

या प्रश्नाची एक बाजू सहसा दुर्लक्षित राहते. चालकाला फोन करणारा बहुतेक वेळा घरचाच माणूस असतो. ‘कुठवर आलास?’, ‘येताना दही आण’, ‘फोन का उचलत नाहीस?’ हे प्रश्न प्रेमापोटी विचारले जातात. पण जो मुलगा आईचा फोन टाळणे बेअदबी समजतो, तो धावत्या वाहनावरही तो उचलतो. कुवेत किंवा दुबईत वाहन चालविणाऱ्या मुलाला कोकणातल्या घरातून व्हिडिओ कॉल लावला जातो, तेव्हा तो त्या क्षणी कोठे आहे याची घरच्यांना कल्पना नसते.

सूरह अन्-नूरच्या २७ व्या व २८ व्या आयतींत दुसऱ्याच्या घरी जाण्याचे आदाब सांगितले आहेत. परवानगी घ्यावी, सलाम करावा, आणि परत जाण्यास सांगितले गेले तर परत जावे. प्रेषितांच्या (स.) शिकवणीनुसार परवानगी तीन वेळा मागावी आणि उत्तर न मिळाल्यास निघून जावे. मोबाइलची घंटा ही आजच्या काळातील दारावरची थाप आहे. फोन उचलला गेला नाही तर राग न धरता थांबावे. एकामागून एक दहा वेळा फोन लावणे हे त्या आदाबांच्या विरुद्ध आहे. फोन उचलला गेला, तर सलामनंतरचा पहिला प्रश्न ‘गाडी चालवतो आहेस का?’ असा असावा, आणि उत्तर होकारार्थी असेल तर त्याच क्षणी फोन ठेवावा.

ज्यांची उपजीविकाच मोबाइलवर अवलंबून आहे, त्यांचाही विचार केला पाहिजे. घरपोच खाद्यपदार्थ पोहोचविणारे तरुण, रिक्षा व टॅक्सीचालक, मालवाहतूक करणारे टेम्पोचालक यांना फोन बंद ठेवणे परवडत नाही. त्यांनी वाहन कडेला घेऊनच बोलावे. त्यांच्या मालकांनी व ग्राहकांनी त्यांना तेवढी उसंत द्यावी. हाताखालच्या माणसांवर त्यांच्या शक्तीबाहेरचे ओझे टाकू नये, ही प्रेषितांची (स.) ताकीद बुखारीत आहे. पाच मिनिटांच्या उशिरासाठी वारंवार फोन करून चालकाला घाई करायला लावणारा मालक किंवा ग्राहक त्या ओझ्यात भर घालतो.

घराघरांत काय करता येईल?

१. निघण्यापूर्वीच आवश्यक फोन करून घ्यावेत, रस्त्याचा नकाशा लावून ठेवावा आणि मगच प्रवासाची दुआ म्हणावी. दुआनंतर फोन हाती घेऊ नये.

२. दुचाकीवर फोन खिशात न ठेवता डिकीत किंवा बॅगेत, आवाज बंद करून ठेवावा. हाताशी नसलेल्या फोनचा मोह होत नाही. चारचाकीत तो मागच्या आसनावर ठेवावा किंवा शेजारी बसलेल्याकडे द्यावा.

३. फोन घेणे अटळ असेल, तर सुरक्षित जागी वाहन थांबवूनच घ्यावा. महामार्गावर कोठेही अचानक थांबणे हाही धोकाच आहे, म्हणून पेट्रोल पंप, ढाबा किंवा थांब्याची जागा येईपर्यंत धीर धरावा.

४. सोबत बसलेल्यांनी गप्प राहू नये. वाईट गोष्ट पाहिल्यावर ती रोखणे हे मोमिनचे कर्तव्य आहे. पत्नीने पतीला, मुलाने पित्याला अदबीने ‘फोन माझ्याकडे द्या’ म्हणावे, आणि मोठ्यांनी तो मानापमानाचा प्रश्न करू नये.

५. मुले सांगण्यापेक्षा पाहून अधिक शिकतात. मागच्या आसनावर बसून दहा वर्षे वडिलांना फोनवर बोलत गाडी चालविताना पाहिलेला मुलगा अठराव्या वर्षी तेच करील. अल्पवयीन मुलाच्या हाती तर वाहन देऊच नये. त्याने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

६. मशिदींच्या इमामांनी व जबाबदार मंडळींनी जुमाच्या बयानात अधूनमधून या विषयासाठी थोडा वेळ द्यावा. लग्नाच्या वरातीत आणि ईदच्या दिवशी धावत्या दुचाकीवरून चित्रफिती काढणाऱ्या तरुणांना मोहल्ल्यातील वडीलधाऱ्यांनी वेळीच आवरावे.

रस्त्यातील काटा किंवा दगड दूर करणे ही प्रेषितांनी (स.) ईमानची एक शाखा सांगितली आहे. ज्याच्या बेफिकिरीमुळे त्याचे स्वतःचे वाहनच इतरांच्या वाटेतील काटा बनले आहे, त्याने आपला मोबाइल दूर ठेवला तरी या शाखेवर अंमल केल्यासारखे होईल. आजवर जे झाले, त्यासाठी तौबाचे दार उघडे आहे. ते कृत्य सोडणे, त्याबद्दल मनापासून खेद वाटणे, पुन्हा न करण्याचा निश्चय करणे आणि कोणाचे नुकसान झाले असेल तर ते भरून देणे, या तौबाच्या अटी आहेत. यातल्या पहिल्या अटीची सुरुवात पुढच्या प्रवासापासूनच करता येते.

अल्लाह आम्हा सर्वांना आपल्या हाती असलेल्या अमानतीची जाणीव देवो. आमच्या हातून कोणाच्या लेकराला, कोणाच्या आईबापाला इजा होऊ न देवो. रस्त्यांवर निघालेल्या प्रत्येक प्रवाशाला त्याच्या घरी सुखरूप पोहोचवो आणि अपघातांत ज्यांची माणसे गेली, त्यांना धीर देवो. आमीन.